अर्धं उतरवलेलं इंजिन

सोलापूर,
रविवार, १७ एप्रिल १९७७

श्री. नागनाथराव यांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिण्याची सवय मोडली आहे, आणि खोटं लिहायला आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलेलं नाही. सिस्टर ॲग्नेस आणखी एक शिकवायच्या. पत्राचं काम पहिल्या चार ओळींत सांगून टाकावं, वाचणाऱ्याला अंगणात ताटकळत ठेवू नये. तर काम असं : तुमच्या गाडीचं इंजिन मी पुढच्या रविवारी उतरवून घेते आहे. गाडी तुमची, अंगण माझं. हरकत असेल तर कळवा. तुम्ही कळवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

महिपती गेल्याला आज अठ्ठ्याण्णव दिवस झाले. दुधनीहून सोलापूरला यायला दोन तास पुरतात. अठ्ठ्याण्णव दिवसांत तुम्हाला ते दोन तास सापडले नाहीत. अग्नी द्यायला माळशिरसहून माझा भाचा आला. त्यानं महिपतीला उभ्या जन्मात चारदा पाहिलं असेल. लोकांनी विचारलं, वडील कुठं आहेत? मी सांगितलं, कळवलं आहे. त्यानंतर कुणी विचारलं नाही. मी ज्या आवाजात सांगते, त्या आवाजानंतर लोक सहसा विचारत नाहीत.

मी खरोखर कळवलं होतं. त्या दिवशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईला बोर्डावर बसू देत नाहीत, पण मुलींनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची सोडली. तुमच्या चनमल्लप्पाच्या अडतीवर मी स्वतः कॉल लावला. फोन चनमल्लप्पानं घेतला, तुम्ही जागेवर नव्हता. निरोप दिला, आणि नियमाप्रमाणे तो परत म्हणवून घेतला. त्यानं शब्द न् शब्द बरोबर म्हटला. तेव्हा निरोप मिळाला नाही ही सबब माझ्यापाशी चालणार नाही.

आता इंजिनाचं. डिसेंबरात महिपतीनं वळसंगच्या धुळाप्पाकडून तीन वाशांची घोडी आणि साखळीची कप्पी आणली. हा धुळाप्पा गावोगावच्या विहिरींतले पंप वर काढतो आणि खाली सोडतो. महिपतीनं त्याची मोटार दुरुस्त करून दिली होती, म्हणून त्यानं कप्पी आठ दिवसांसाठी दिली. घोडी गाडीवर उभी राहिली, बॉनेट निघालं, रेडिएटर निघाला, आणि नाताळानंतर महिपतीचे डोळे पिवळे झाले. कावीळ. पुढचे अकरा दिवस घोडी अंगणात होती आणि आम्ही हॉस्पिटलात. अजून ती तिथंच आहे. साखळी इंजिनाभोवती आवळलेली आहे. शेजारची सिद्धम्मा कधी कधी तिच्यावर पोतेरं वाळत घालते. मी तिला बोलत नाही. पूर्वी बोलले असते.

काल धुळाप्पा आला. टोपी काढून ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि पाणी प्याला. विहिरी तळाला गेल्यात, पंप खाली सोडायला लोक बोलावतायत, कप्पी लागणार, असं त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं. मी म्हटलं, घेऊन जा. तो उठून गाडीपाशी गेला, वाकून बघितलं आणि परत आला.

“बाई, हे असं अर्धं लोंबतं ठिवू नये. एक तर काढू, न्हाय तर परत बसवू. तुमी सांगा, मी दोन्ही करतो की.”

मी सांगितलं, काढा. विचार केला असं नाही. दोनांतला जो शब्द तोंडात आधी आला तो सांगितला.

ही तुमची दोन माणसांची, कापडी टपाची, हिरवी एम.जी. गिरणीचे साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा तुम्ही ती घेतलीत, आणि घरात माणसं तीन आहेत हे तुम्हाला फाटकापाशी आठवलं. मग महिपती मधल्या दांड्यावर बसायचा, गिअर बदलताना गुडघे वर घ्यायचा. सहासष्ट साली इंजिन बसलं ते बसलंच. तुम्ही अडुसष्टला गेलात. गाडी राहिली. त्या पोरानं नऊ वर्षं दर रविवारी तिच्या पोटात डोकं घातलं, आणि मी दर रविवारी त्याचे कपडे सोड्यात भिजवले.

मला रडू येत नाही. हे तुमच्यासाठी लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते आहे. सकाळी उठते, दोन कप चहा टाकते, एक पिते, एक ओतते. वर्तमानपत्र घडी न मोडता ठेवते. मोठं काही नाही.

शालन

*

सोलापूर,
रविवार, २४ एप्रिल १९७७

श्री. नागनाथराव यांस,

मागचं पत्र टाकलेलं नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि दही घेऊन परत आले. हेही टाकेन असं नाही. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि या गाडीचं ज्याला कळतं असं माणूस आता एकच उरलं आहे.

धुळाप्पा सकाळी सातला आला. सोबत त्याची बायको ईरम्मा आली होती, साखळी ओढायला. ती त्याच्याहून जोरकस आहे आणि ते दोघांनाही माहीत आहे. त्यांनी आधी इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडं नारळ मागितला. मी म्हटलं, बंद पडलेल्या वस्तूची पूजा कसली. ईरम्मा म्हणाली, “बंद पडली म्हनूनच की बाई. चालतीला कोन पुसतंय?” मी नारळ दिला.

मग काय काय सुटलं आहे आणि काय राहिलं आहे हे बघायला धुळाप्पा वाकला, आणि त्यानं मला हाक मारली.

त्याला चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या. प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक नळीला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधलेली होती. निवृत्त होताना मी ट्रंक कॉलच्या कोऱ्या तिकिटांचा एक गठ्ठा घरी आणला होता. तेहतीस वर्षांतली सरकारी मालाची माझी ही एकच चोरी. वाण्याची यादी लिहायला आणला होता. त्याचं काय झालं ते मला आज कळलं. तिकिटावर रकाने छापलेले असतात : कॉल कुणाकडून, कुणाला, वेळ किती. महिपतीनं ते नीट भरले होते. कुणाकडून : डावा कार्ब्युरेटर. कुणाला : डबा नंबर तीन. कुणाकडून : डायनॅमोची पट्टी. कुणाला : खिळ्याला, मोरीशेजारी. त्याचं अक्षर तुमच्यासारखं आहे, डावीकडं कललेलं. मी एकेक वाचत गेले, धुळाप्पा हं हं म्हणत गेला. डबे सगळे स्वयंपाकघरात मांडणीच्या खालच्या फळीवर सापडले. गेले तीन महिने मी त्यांच्यासमोर स्वयंपाक करत होते. नंबर तीन म्हणजे माझा मेथीदाण्यांचा डबा आहे. तो हरवला म्हणून मी सिद्धम्माशी भांडले होते.

सहा तिकिटं वेगळी होती. त्यांच्यावर ‘कुणाला’च्या रकान्यात लिहिलं आहे : बाबा. खाली प्रश्न. ‘ही फट किती ठेवायची?’ ‘इथं तांब्याचा वॉशर होता का, की तुम्ही घातलात?’ ‘ही खूण तुमची की साहेबाची?’ मी ती वाचून दाखवली नाहीत. पदराला बांधली.

मग साखळी ओढली. ईरम्मा ओढत होती, धुळाप्पा इंजिनाला हातानं सावरत होता, मी फाटकापाशी उभी होते. साखळी ताठ झाली. गाडी कुरकुरली. आणि गाडीचं नाकच वर उठायला लागलं. पुढची दोन चाकं जमिनीपासून सुटली, एक वीतभर. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा हलली.

“थांब थांब,” धुळाप्पा म्हणाला. “इंजिन न्हाय, गाडीच येतीय वर.”

खाली सोडली. तो गाडीखाली सरकला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, अंगभर ग्रीस. गिअरच्या पेटीला इंजिन जिथं जोडतात तिथं, मागच्या बाजूला, एक बोल्ट राहिला आहे. त्यालाही तिकीट आहे. त्यानं ते न सोडता मला खाली वाकून वाचायला लावलं. साठाव्या वर्षी मी अंगणात गुडघे टेकून गाडीखाली डोकं घातलं. सिद्धम्मा भिंतीवरून बघत होती, बघू दे.

कुणाकडून : महिपती. कुणाला : बाबा. ‘शेवटचा बोल्ट. बाबा असताना.’

धुळाप्पा म्हणाला, “पोरानं मुद्दाम ठिवलाय बाई. बाकी समद्यांस्नी तेल घातलंय, ह्याला पाना लावलेलाच न्हाय.” मग विचारलं, “काढू?”

मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही, मला ते ठाऊक नव्हतं. धुळाप्पानं साखळी थोडी सैल केली, चाकं जमिनीवर टेकली. तो सोमवारपर्यंत, म्हणजे दोन मेपर्यंत, कप्पी ठेवतो म्हणाला. त्यापुढं ठेवता येणार नाही, दुधनीच्या बाजूचे दोन पंप त्यानं कबूल केले आहेत. जाताना ईरम्मा माझ्या हाताला हात लावून गेली. तेलकट हात होता. मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही, एवढंच.

तर तो तुम्हाला पत्रं लिहीत होता. माझ्या घरात, माझ्या तिकिटांवर, माझ्या मेथीच्या डब्यात. मला राग यायला हवा. मी वाट बघते आहे, अजून आलेला नाही.

शालन

*

सोलापूर,
गुरुवार, २८ एप्रिल १९७७

श्री. नागनाथराव यांस,

हे पत्र आधी वाचा. सोबतची दोन नंतर, किंवा वाचू नका.

महिपती वारला. नऊ जानेवारीला, रविवारी, सकाळी सव्वासहा वाजता, हॉस्पिटलात, काविळीनं. मी त्याच्याजवळ होते. तो कुवेतला गेला नाही. तो कुठंही गेला नाही.

आता तुम्हाला बसायला हवं असेल तर बसा. चनमल्लप्पा जवळ असेल तर त्याला पाणी आणायला सांगा, आणि त्याच्यावर चिडू नका. चूक त्याची नाही.

तुमचं पार्सल काल आलं. ‘चि. महिपती यास, द्वारा सौ. शालनबाई’ असा पत्ता होता. मी फोडलं. पाटावर बसून वाचलं. तुमचं पत्र इथं उतरवून काढते, कारण ते परत पाठवायची माझी तयारी नाही आणि तुम्ही काय लिहिलंत हे तुम्हाला आठवायला हवं.

‘चि. महिपतीस अनेक आशीर्वाद. तू गेल्याचं चनमल्लप्पाकडून कळलं. मी अडतीवर आलो तर तो म्हणाला, सोलापूरहून फोन होता, मुलगा गेला म्हणे. मी विचारलं, केव्हा? कुठल्या गाडीनं? म्हणाला, ते काही सांगितलं नाही, बाई लई घाईत होत्या. वीस तारखेला निघणार असं तू लिहिलं होतंस, दहा दिवस आधीच बोलावणं आलेलं दिसतं. न भेटता गेलास याचं थोडं वाईट वाटलं, पण विमान कुणासाठी थांबत नाही. तीन महिने तुझ्या पत्राची वाट पाहिली. नवा देश आहे, सवड मिळत नसेल. तुझा तिकडचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून आईकडं पाठवतो, ती पुढं पाठवील. ती हे फोडून वाचणार, तर तिला नमस्कार. हुबळीच्या माणसाकडून हेडचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापून घेतलं आहे. शेवटचा बोल्ट ठेवतो असं तू लिहिलं होतंस, तो तसाच राहू दे. तू आलास की काढू. घाई नाही.’

गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. मी ते मांडणीवर नंबर तीनच्या डब्याशेजारी ठेवलं आहे.

आता माझं ऐका. मी तेहतीस वर्षं ट्रंक बोर्डावर होते. वाईट बातमीचे कॉल किती लावून दिले त्याला गणती नाही. लोक फोनवर एकच शब्द म्हणतात : गेले. आणि लाइनवर खरखर असते, आणि पलीकडचा माणूस ओरडतो, कुठं गेले? मी मध्ये बोलून तो घोळ कितीदा तरी सोडवला आहे. नव्या मुली आल्या की पहिल्या आठवड्यात सांगायचे, अशा निरोपात ‘गेले’ चालणार नाही, ‘वारले’ म्हणवून घ्या, पार्टी रडली तरी म्हणवून घ्या. एका मुलीनं ते केलं नाही म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. तरी माझा राग उतरला नव्हता.

आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी म्हटलं, नागनाथरावांना सांगा, महिपती गेला. मग म्हटलं, परत म्हणा. तो म्हणाला, महिपती गेला. मी म्हटलं, बरोबर. हेडफोन काढून ठेवला. शेजारी दोन मुली उभ्या होत्या, मीच शिकवलेल्या. त्यांना कळलं असणार. त्या बोलल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर बोलले असते, आणि हे तीन महिने झाले नसते.

दुसरा शब्द माझ्या तोंडातून निघाला नसता. तुम्हाला सबब म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगते. वर लिहिला आहे तो मी आज पहिल्यांदा लिहिला. ‘वारला’ लिहून पेन खाली ठेवलं, उठून भात उतरवला आणि परत आले.

आणखी एक आहे. ते मागच्या दोन पत्रांत मी घातलेलं नाही, ती पुन्हा वाचून पाहिली.

डिसेंबरात घोडी उभी करताना तो मला म्हणाला, “आई, रविवारी बाबांना बोलावू? इंजिन दोघांनी उतरवू म्हणतो. मग मी कुवेतला नोकरीवर जाणारच आहे.” मी भाजी निवडत होते. अडुसष्ट साली तुमची गिरणीतली नोकरी गेली आणि तुम्ही मला पाच महिने सांगितलं नाहीत. रोज डबा घेऊन निघत होता, पार्कात बसत होता, आणि मला ते एक्स्चेंजमध्ये एका परक्या माणसाच्या कॉलवर कानावर आलं. त्या दिवशी जेवताना मी महिपतीच्या देखत म्हटलं, या घरात काम न करणाऱ्या वस्तू दोन आहेत, एक अंगणात उभी आहे. तुम्ही ताटावरून उठलात. सकाळी नव्हता. तो सोळा वर्षांचा होता, त्याला शब्द न् शब्द पाठ होता. आणि तरी त्यानं मला विचारलं, रविवारी बोलावू का?

मी म्हटलं, आधी अंगणातली बंद वस्तू चालू कर, मग दुसरीचं बघू.

तो हसला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसायचा, ते मला आवडायचं. मग अंगणात गेला. पान्याचा आवाज येत होता. बहुतेक तेव्हाच त्यानं तो शेवटचा बोल्ट सोडून द्यायचं ठरवलं.

तुम्ही न आल्याचा मला राग होता. त्या रागावर मी तीन महिने उठले, चहा केला, नळ आला की पाणी भरलं. काल तुमचं पत्र वाचल्यावर तोही हातात राहिला नाही. आज काही नाही. तुम्ही आलात तर मी काय बोलेन ते मला माहीत नाही. टोचून बोलेन, असं धरून चाला. तोंडाला दुसरी सवय नाही. आत काही असेलच असं नाही.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. फोनही करत नाही. त्या अडतीवरच्या यंत्रात मी पुन्हा कुठलाच शब्द ठेवणार नाही. धुळाप्पा उद्या सकाळी पंप बघायला दुधनीला येतो आहे, तो तुमच्या हातात देईल. त्याला मी सांगितलं आहे, तिथं काही बोलू नका, नुसतं द्या आणि ते वाचून होईपर्यंत उभे राहा. तो म्हणाला, “ह्यात काय बोलायचं असतंय बाई, मी हाय की तितं.”

कप्पी सोमवारपर्यंत आहे. साखळी इंजिनाला आहे, थोडी सैल. गाडी चारही चाकांवर उभी आहे. सोमवारी दुपारी धुळाप्पा घोडी उतरवून नेईल, त्याआधी बोल्ट निघाला असला किंवा नसला तरी.

तुमच्या नावची तिकिटं आता सात आहेत. सातवं त्या बोल्टालाच आहे, ते मी सोडलेलं नाही. बाकीची सहा माझ्यापुढं ठेवून लिहिते आहे. कुणाकडून, कुणाला, हे रकाने भरलेले आहेत, वेळेचे कोरे आहेत. फट किती ठेवायची, वॉशर कुणी घातला, यांची उत्तरं मला येत नाहीत. आमच्याकडं नियम होता की कॉल लागत नसेल तर तिकीट पडून राहू द्यायचं नाही. त्याच्यावर ‘रद्द’ असं लिहून सुपरवायझरनं सही करायची.

मी सही केलेली नाही.

शालन